एसडीबी म्हणजे नेमके कोण? हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्हची ओळख टर्मिनलवरून वाचणे व बदलणे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन विभागाचे संगणक मी सांभाळतो. जेकार्डच्या मागावर चढणारी प्रत्येक नक्षी तेथे आधी संगणकावर तयार होते, मग मागाला समजेल अशा स्वरूपात पेनड्राइव्हवर उतरते आणि मागांची देखभाल करणारा जॉबर तो पेनड्राइव्ह खिशात टाकून शेडमध्ये जातो. सर्व नक्ष्यांची एक प्रत रोज रात्री बाहेरच्या २ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर जावी म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती आणि तिच्यात ती डिस्क /डेव्ह/एसडीबी१ अशी नोंदवली होती. वर्षभर ती बिनबोभाट चालली. मग एके संध्याकाळी वीज गेली, परत आली, संगणक आपोआप सुरू झाला, आणि त्या वेळी दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी भरून ठेवलेला पेनड्राइव्ह पोर्टमध्येच राहिला होता. संगणकावर लिनक्स आहे; त्याच्या कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, तो आधी सापडला, म्हणून तो एसडीबी झाला. डिस्क एसडीसी झाली. रात्री स्क्रिप्टने नेहमीप्रमाणे आरसिंक ही फाइलींची प्रत घेणारी आज्ञा चालवली, जास्तीच्या फाइली पुसण्याचा पर्याय त्यात होताच, आणि पेनड्राइव्हवरच्या नक्ष्या पुसून त्यांच्या जागी ती सगळा साठा ओतू लागली. सकाळी दोन माग अर्धी पाळी उभे राहिले. मूळ नक्ष्या संगणकावर शाबूत होत्या, त्यामुळे नुकसान तेवढ्यावर थांबले. पण चूक माझी होती, कारण एसडीबी हे त्या डिस्कचे नाव आहे असे मी धरून चाललो होतो.

ते नाव नव्हे. लिनक्सचा कर्नल साधने जसजशी सापडतील तसतशी त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी अक्षरे वाटत जातो. एसटीतल्या आसन क्रमांकासारखाच हा प्रकार आहे: आज त्या आसनावर जो बसला आहे तोच उद्या बसेल अशी हमी कोणी देत नाही. साधनाची टिकणारी ओळख निराळ्या ठिकाणी असते. ती कोठे असते, कशी वाचावी आणि तिच्यातला कोणता भाग आपल्याला बदलता येतो, ते येथे सांगितले आहे.

आज्ञांविषयी एक खुलासा आधी करतो. येथे सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप कराव्यात. सुरुवातीला ‘सुडो’ असेल तर ती आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालते. ‘एलएसबीएलके’सारखी आज्ञा म्हणजे सुटी अक्षरे सलग लिहायची, तर ‘लेबल’, ‘लिस्ट’, ‘सीरियल’ हे नेहमीचे इंग्रजी शब्द त्यांच्या नेहमीच्या स्पेलिंगने लिहायचे. पर्यायाचे अक्षर मोठे हवे असेल तेथे मी तसे मुद्दाम सांगेन, कारण लहान आणि मोठ्या अक्षराचे अर्थ अनेकदा अगदी वेगळे असतात.

ओळखीचे थर

एकाच डिस्कला एकाहून अधिक ओळखी असतात आणि बहुतेक घोटाळे त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. नवी पेठेतल्या एखाद्या घराला सिटी सर्व्हे क्रमांक असतो, महापालिकेचा घर क्रमांक असतो आणि दारावर पाटीही असते. पाटी घरात राहणारा हवी तेव्हा बदलतो, सिटी सर्व्हे क्रमांकाला मात्र त्याला हात लावता येत नाही. डिस्कचेही तसेच आहे.

सर्वांत खाली कारखान्यात कोरलेली ओळख असते: मॉडेलचे नाव, अनुक्रमांक म्हणजे सीरियल नंबर, आणि अनेक साटा व सॅस (हे जोडणीचे प्रकार) डिस्कांवर डब्ल्यूडब्ल्यूएन नावाचा जागतिक क्रमांक. ही माहिती डिस्कच्या फर्मवेअरमध्ये असते. साटा आणि एनव्हीएमई या दोन्ही प्रकारांत अनुक्रमांकासाठी २० आणि मॉडेलसाठी ४० अक्षरांची जागा राखलेली आहे. फॉरमॅट केल्याने ही ओळख जात नाही, आणि ती बदलण्याच्या भानगडीत कोणी पडूही नये, कारण वॉरंटीचा दावा याच क्रमांकावर चालतो.

त्यावर पार्टिशन तक्त्याची, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशने) कोठे आहेत त्या यादीची, ओळख येते. जीपीटी पद्धतीच्या तक्त्यात पूर्ण डिस्कला एक आणि प्रत्येक पार्टिशनला एक असे १२८ बिटांचे क्रमांक असतात, शिवाय पार्टिशनला नावही देता येते. जुन्या एमबीआर पद्धतीत नावाची सोयच नाही. तेथे डिस्कची ३२ बिटांची एक सही असते आणि पार्टिशनची ओळख त्या सहीपुढे पार्टिशनचा क्रमांक जोडून तयार होते.

सर्वांत वर फाइल सिस्टिमची, म्हणजे पार्टिशनवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची, ओळख असते: आपण दिलेले लेबल आणि फॉरमॅट करतेवेळी आपोआप तयार झालेला यूयूआयडी. हा यूयूआयडी १२८ बिटांचा, म्हणजे ३२ षोडशमान अंकांचा असतो आणि मध्ये ४ आडव्या रेघा टाकून ३६ खुणांत लिहिला जातो. फॅट आणि एनटीएफएस या फाइल सिस्टिमांकडे खरा यूयूआयडी नाही. फॅटचा क्रमांक ३२ बिटांचा असल्यामुळे तो ४सी२ए-९एफ१७ असा आखूड दिसतो, एनटीएफएसचा ६४ बिटांचा म्हणजे १६ अंकी असतो, आणि लिनक्स दोघांनाही यूयूआयडीच्याच रकान्यात दाखवते.

आधी वाचावे

काहीही बदलण्यापूर्वी सर्व थर एका नजरेत पाहण्यासाठी ही आज्ञा पुरेशी आहे:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल,लेबल,यूयूआयडी,पार्टयूयूआयडी

स्वल्पविरामांच्या मागेपुढे जागा सोडू नये. मॉडेल आणि सीरियल हे रकाने पूर्ण डिस्कच्या ओळीत भरलेले दिसतील, तर लेबल आणि यूयूआयडी पार्टिशनच्या ओळीत. रकाना कोणत्या ओळीत भरला आहे एवढ्यावरूनच तो कोणत्या थराचा आहे हे कळते. एका डिस्कचा केवळ अनुक्रमांक हवा असेल, उदाहरणार्थ स्क्रिप्टमध्ये तपासणीसाठी, तर

एलएसबीएलके -डीएनओ सीरियल /डेव्ह/एसडीबी

असे लिहावे. येथे ‘डी’मुळे पार्टिशने वगळली जातात, ‘एन’मुळे मथळा गळतो आणि ‘ओ’ने रकाना निवडला जातो.

एलएसबीएलके ही आज्ञा सहसा यूडेव्ह या साधनांची नोंद ठेवणाऱ्या सेवेने आधी गोळा करून ठेवलेली माहिती दाखवते, त्यामुळे नुकतेच लेबल बदलले असेल तर ती काही वेळा जुनेच नाव सांगते. अशा वेळी प्रत्यक्ष डिस्कवरून वाचायला लावावे:

सुडो बीएलकेआयडी -पी /डेव्ह/एसडीबी१

याच आज्ञेला मोठ्या ‘एल’च्या पर्यायासह लेबल दिले, किंवा मोठ्या ‘यू’च्या पर्यायासह यूयूआयडी दिला, तर ती उलट दिशेने शोध घेऊन ते साधन या घडीला कोणत्या आसनावर बसले आहे ते सांगते.

तिसरा मार्ग मला सर्वांत विश्वासाचा वाटतो, कारण त्यात पर्याय लक्षात ठेवावे लागत नाहीत. /डेव्ह/डिस्क या फोल्डरमध्ये बाय-आयडी, बाय-यूयूआयडी, बाय-लेबल, बाय-पार्टयूयूआयडी असे उपफोल्डर असतात आणि त्यांतील प्रत्येक नोंद खऱ्या साधनाकडे बोट दाखवणारी लिंक असते. ‘एलएस -एल /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी’ असे लिहिले की साटा डिस्कची नोंद ‘एटीए’ने, यूएसबीची ‘यूएसबी’ने आणि एनव्हीएमईची ‘एनव्हीएमई’ने सुरू झालेली दिसते, पुढे मॉडेल, अनुक्रमांक आणि पार्टिशन असेल तर शेवटी ‘-पार्ट१’ अशी शेपटी असते. डिस्क पुसण्यासारखे धोक्याचे काम करताना मी आता एसडीबी टाइप करतच नाही. बाय-आयडीतील हे लांबलचक नाव टॅब दाबून पूर्ण करून घेतो. वेळ थोडा जास्त लागतो खरा, पण अनुक्रमांक डोळ्यांसमोर असल्याखेरीज एंटर दाबला जात नाही.

कारखान्यात कोरलेली ओळख सविस्तर हवी असेल तर स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज बसवून

सुडो स्मार्टसीटीएल -आय /डेव्ह/एसडीबी

ही आज्ञा द्यावी. मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, डब्ल्यूडब्ल्यूएन आणि क्षमता हे सर्व ती ओळीने छापते. साटासाठी ‘सुडो एचडीपार्म -आय /डेव्ह/एसडीबी’ हाही पर्याय आहे. येथे ‘आय’ मोठ्या लिपीत घेतला तर डिस्कला थेट विचारून ताजी माहिती मिळते. एनव्हीएमईसाठी ‘सुडो एनव्हीएमई लिस्ट’ पुरते. एनव्हीएमईची नावे ‘एनव्हीएमई०एन१पी१’ अशी असतात आणि त्यांत ० हा कंट्रोलरचा, ‘एन१’ हा नेमस्पेसचा आणि ‘पी१’ हा पार्टिशनचा क्रमांक असतो, हे एकदा ध्यानात घेतले की त्यांची भीती वाटत नाही.

यूएसबीच्या पेटीत किंवा डॉकमध्ये बसवलेल्या डिस्कांबाबत विशेष सावध राहावे. पेटीतली साटा डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये एक पूल-चिप असते, आणि ती अनेकदा डिस्कचा अनुक्रमांक पुढे न पाठवता स्वतःचाच सांगते. त्यामुळे तीच डिस्क थेट केबलला लावली की एक अनुक्रमांक दिसतो आणि डॉकमध्ये ठेवली की दुसरा. आमच्याकडे एकाच डॉकमध्ये आळीपाळीने बसणाऱ्या तीन डिस्का काही आठवडे एकाच क्रमांकाने नोंदल्या गेल्या होत्या आणि दिवाणजींच्या वहीत तीन ओळींत तोच क्रमांक पाहून ते मला ‘साहेब, कार्बन लावून लिहिलंय का?’ असे विचारत होते. अशा वेळी

सुडो स्मार्टसीटीएल -डी सॅट -आय /डेव्ह/एसडीबी

असे लिहिले की, चिपला ते जमत असेल तर, पुलापलीकडच्या डिस्कचा खरा क्रमांक मिळतो. ‘सॅट’ हा शब्द एस, ए, टी या तीन अक्षरांनी लिहायचा. जमत नसेल तर डिस्क पेटीतून काढून तिच्या अंगावरच्या छापील चिठ्ठीवरूनच क्रमांक उतरवून घ्यावा. स्वस्त पेनड्राइव्हांबाबत एवढीही आशा धरू नये: काहींना अनुक्रमांकच नसतो, तर काही ठिकाणी पूर्ण खोक्यातल्या नगांवर तोच क्रमांक असतो. त्यांच्यासाठी वरचा थर, म्हणजे लेबल आणि यूयूआयडी, हीच ओळख.

अनुक्रमांकाची शेवटची ४ अक्षरे डिस्कच्या कडेवर कायमच्या शाईच्या पेनाने लिहून ठेवावीत. कागदी चिठ्ठी चिकटवण्याचा प्रयोग मी केला होता. मे महिन्यात पारा ४० च्या वर गेला, डिंक सुटला आणि दोन डिस्कांच्या चिठ्ठ्या एकाच ड्रॉवरमध्ये पडलेल्या सापडल्या.

लेबल लावणे

लेबल बदलण्यापूर्वी पार्टिशन अनमाउंट करावे, म्हणजे वापरातून मोकळे करावे. काही फाइल सिस्टिम चालू अवस्थेतही लेबल बदलू देतात, पण सवय एकच असलेली बरी. त्यासाठीची आज्ञा ‘सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१’ अशी आहे. तिच्या स्पेलिंगमध्ये ‘यू’नंतर ‘एन’ नाही आणि नवशिका माणूस पहिल्या दिवशी हटकून तो घालतो. येथून पुढे मी सोयीसाठी एसडीबी१ लिहीत असलो तरी प्रत्यक्षात तेथे आपले पार्टिशन वर सांगितल्याप्रमाणे पडताळून मगच लिहावे.

लेबल लावण्याचे हत्यार फाइल सिस्टिमप्रमाणे बदलते. एक्सटी२, एक्सटी३ आणि एक्सटी४ यांच्यासाठी

सुडो ई२लेबल /डेव्ह/एसडीबी१ नवेनाव

असे लिहावे, शेवटचे नाव वगळले तर हीच आज्ञा सध्याचे लेबल छापते. मर्यादा १६ बाइटांची आहे. एक्सएफएससाठी ‘सुडो एक्सएफएस_ॲडमिन -एल नवेनाव /डेव्ह/एसडीबी१’, ‘एल’ मोठा, आणि मर्यादा १२ बाइटांची. बीटीआरएफएससाठी ‘सुडो बीटीआरएफएस फाइलसिस्टिम लेबल /डेव्ह/एसडीबी१ नवेनाव’, आणि तेथे २५५ बाइटांपर्यंत ऐसपैस जागा आहे. एनटीएफएससाठी ‘एनटीएफएसलेबल’, एक्सफॅटसाठी ‘एक्सफॅटलेबल’. दोन्हींत आधी साधन आणि मग नाव, आणि एक्सफॅटची मर्यादा ११ अक्षरांची. स्वॅपच्या पार्टिशनलाही ‘स्वॅपलेबल’ या आज्ञेने, मोठ्या ‘एल’च्या पर्यायासह, नाव देता येते.

वर मी कोठे बाइट आणि कोठे अक्षरे म्हटले आहे, ते मराठी माणसाने नीट पाहावे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षर १ बाइटात बसते, पण देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, आणि येथे काना, वेलांटी, मात्रा, हलन्त या सर्व स्वतंत्र खुणा धरल्या जातात. ‘सोलापूर’ या शब्दात स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार आणि र अशा ७ खुणा आहेत. म्हणजे २१ बाइट झाले. एक्सटी४ च्या १६ बाइटांत हे गाव मावत नाही. ई२लेबल तक्रार करून उरलेले छाटून टाकते, आणि छाटणी बाइटांवर होत असल्यामुळे ‘सोलाप’ एवढेच उरते, तेही पुढे दीर्घ उकाराचा एक तुटका बाइट लोंबकळत ठेवून, जो पडद्यावर प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यासारखा दिसतो. याउलट ‘बॅकअप’ ५ खुणांचे, म्हणजे १५ बाइटांचे असल्यामुळे एक्सटी४ मध्ये बसते, आणि ‘चादर’ ४ खुणांचे, बरोबर १२ बाइटांचे, म्हणून एक्सएफएसच्या अरुंद जागेतही नेमके मावते. ‘सिद्धेश्वर’ १० खुणांचे असल्याने ३० बाइट मागते आणि दोन्हीकडे मावत नाही. एक्सफॅट मात्र यूटीएफ-१६ ने मोजत असल्यामुळे तेथे ‘सोलापूर’ आणि ‘सिद्धेश्वर’ दोन्ही बिनतक्रार बसतात. शंका असेल तर आधी मोजून घ्यावे:

प्रिंटएफ '%एस' 'सोलापूर' | डब्ल्यूसी -सी

या ओळीत मधला शब्द तेवढा देवनागरीतच टाइप करायचा. उत्तर २१ येते; शेवटी ‘सी’ऐवजी ‘एम’ लिहिला तर ७ येते.

तरीही माझा सल्ला लेबल रोमनमध्येच ठेवण्याचा आहे. संगणक धड सुरू होत नाही आणि केवळ काळ्या पडद्यावरचे अक्षरी कन्सोल समोर असते, नेमक्या त्या वेळी लेबल टाइप करण्याची गरज पडते, आणि त्या कन्सोलवर देवनागरी ना धड दिसते ना टाइप करता येते. लेबलात जागाही सोडू नये. बाय-लेबल फोल्डरमध्ये ती जागा उलट्या तिरप्या रेघेपुढे ‘एक्स२०’ अशा स्वरूपात उमटते आणि मग स्क्रिप्टमध्ये तिच्याशी झटापट करावी लागते.

आता फॅट, कारण आमच्या शेडमधल्या मागांचे कंट्रोलर फॅट३२ चे पेनड्राइव्ह मागतात आणि म्हणून दिवसाचे निम्मे काम याच फाइल सिस्टिमशी असते. आज्ञा साधी आहे:

सुडो फॅटलेबल /डेव्ह/एसडीबी१ माग०७

येथे ‘माग०७’ हे रोमन मोठ्या अक्षरांत लिहावे. मर्यादा ११ बाइटांची आहे. लहान अक्षरे दिली तर काही यंत्रणांना ती मानवत नाहीत आणि हत्यार तशी ताकीदही देते. देवनागरी येथे विसरावी. एक गोष्ट मात्र डोके खाते. फॅट आपले लेबल दोन ठिकाणी ठेवते, एकदा बूट सेक्टरमध्ये आणि एकदा मूळ डिरेक्टरीत. काही हत्यारे, विशेषतः जुन्या आवृत्त्या, त्यांतले एकच बदलतात, आणि मग लिनक्समध्ये ‘माग०७’ दिसणारा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये जुन्याच नावाने उघडतो. असे झाले तर डॉसएफएसटूल्स हे पॅकेज अद्ययावत करून लेबल पुन्हा लावावे, किंवा सरळ विंडोजमधून लावावे. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘फॅटलेबल -आय’ या पर्यायाने तो आखूड ८ अंकी क्रमांकही वाचता आणि बदलता येतो.

लेबल बदलल्यावर पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, किंवा ‘सुडो यूडेव्हएडीएम ट्रिगर’ चालवावे. त्यानंतरच बाय-लेबलमध्ये नवी नोंद दिसते.

पार्टिशनचे नाव

जीपीटी डिस्कवर फाइल सिस्टिमला न शिवता पार्टिशनला नाव देता येते, आणि फॉरमॅट केल्यावरही ते टिकते. ‘सुडो एसजीडिस्क -सी १:नक्षीसाठा /डेव्ह/एसडीबी’ या आज्ञेने पहिल्या पार्टिशनला नाव मिळते. येथे साधन म्हणून पूर्ण डिस्क द्यायची, पार्टिशन नव्हे. नावासाठी यूटीएफ-१६ ची ३६ अक्षरे मिळतात. कूटबद्ध पार्टिशनांसाठी हे नाव फार उपयोगी पडते, कारण आतल्या फाइल सिस्टिमचे लेबल कुलूप उघडल्याखेरीज दिसत नाही. काम झाल्यावर ‘सुडो पार्टप्रोब /डेव्ह/एसडीबी’ ही आज्ञा देऊन कर्नलला तक्ता पुन्हा वाचायला लावावे.

यूयूआयडी कधी बदलावा

एरवी यूयूआयडीला हात लावण्याचे कारण नसते. कारण उद्भवते ते डिस्कची जशीच्या तशी नक्कल केल्यावर. ‘डीडी’ने जुनी डिस्क नव्या डिस्कवर उतरवली की लेबल, यूयूआयडी, पार्टिशनचे क्रमांक, डिस्कचा जीपीटी क्रमांक असे सर्वच उतरते, वेगळा राहतो तो केवळ कारखान्याचा अनुक्रमांक. दोन्ही डिस्का एकाच संगणकाला लावल्या की जगात एकच असायला हवा असा क्रमांक दोघींवर निघतो. एक्सएफएस अशा वेळी दुसरी प्रत माउंट करण्यास साफ नकार देते आणि कर्नलच्या नोंदवहीत दुहेरी यूयूआयडीची तक्रार लिहिते, हे मी तिचे सौजन्यच समजतो. एक्सटी४ काही बोलत नाही. यूयूआयडीने माउंट करायला सांगितले तर दोघींपैकी कोणती उघडेल ते सांगता येत नाही, आणि मग आपण दिवसभर नकलेवर काम करून संध्याकाळी मूळ डिस्क जपून कपाटात ठेवतो. बीटीआरएफएसच्या बाबतीत तर मूळ आणि नक्कल एकाच वेळी लावूच नयेत, कारण ती फाइल सिस्टिम एकाहून अधिक डिस्कांवर पसरू शकते आणि आपले घटक याच क्रमांकावरून ओळखते.

म्हणून नक्कल झाली की मूळ डिस्क काढून ठेवावी, जोडलेल्या डिस्कचा अनुक्रमांक पडताळावा, आणि नकलेचा क्रमांक बदलावा. एक्सटी४ साठी क्रम असा आहे:

सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१
सुडो ई२एफएससीके -एफ /डेव्ह/एसडीबी१
सुडो ट्यून२एफएस -यू रँडम /डेव्ह/एसडीबी१

शेवटच्या ओळीतील ‘यू’ मोठा आहे. मधली तपासणीची ओळ वगळली तर ट्यून२एफएस अनेकदा अडून बसते आणि आधी तपासणी करा असे सांगते, म्हणून ती आधीच उरकावी. एक्सएफएससाठी ‘सुडो एक्सएफएस_ॲडमिन -यू जनरेट /डेव्ह/एसडीबी१’, येथेही ‘यू’ मोठाच. बीटीआरएफएससाठी ‘सुडो बीटीआरएफएसट्यून -यू /डेव्ह/एसडीबी१’, येथे मात्र ‘यू’ लहान. हे काम सर्व मेटाडेटा पुन्हा लिहिते, त्यामुळे मोठ्या डिस्कवर त्याला वेळ लागतो आणि मध्येच वीज गेलेली परवडत नाही. आमच्याकडे यूपीएसची बॅटरी नुकतीच बदललेली असल्याखेरीज मी ते सुरू करत नाही.

जीपीटी तक्त्यातले सर्व क्रमांक एका फटक्यात नवे करण्यासाठी ‘सुडो एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीबी’ ही आज्ञा आहे, ‘जी’ मोठा. लहान ‘जी’चा अर्थ एमबीआर तक्त्याचे जीपीटीत रूपांतर करणे असा होतो, तेव्हा टाइप करताना शिफ्टवर बोट आहे ना ते पाहावे.

यूयूआयडी बदलला की त्यावर विसंबलेल्या जागाही बदलाव्या लागतात. बाहेरच्या डिस्कबाबत ते एका ओळीवर भागते, पण संगणक ज्या डिस्कवरून सुरू होतो तिचा यूयूआयडी बदलायचा असेल तर /ईटीसी/एफएसटॅब (कोणती डिस्क कोठे जोडायची याची यादी) आणि ग्रब (संगणक सुरू करून देणारा प्रोग्राम) या दोन्ही ठिकाणी नवा क्रमांक गेल्याशिवाय संगणक बंद करू नये.

ओळख वापरणे

आता पुन्हा माझ्या स्क्रिप्टकडे. /ईटीसी/एफएसटॅब या फाइलमध्ये मी डिस्कची ओळ अशी केली:

यूयूआयडी=(येथे ३६ खुणांचा क्रमांक) /एमएनटी/नक्षीसाठा एक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

‘यूयूआयडी’ हा शब्द येथे मोठ्या अक्षरांत लिहावा आणि क्रमांक हाताने टाइप न करता बीएलकेआयडीच्या उत्तरातून उचलून चिकटवावा. ‘नोफेल’ विसरू नये. ते नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल तर संगणक सुरू होताना तिची वाट पाहत अडकतो. फाइल जतन केल्यावर ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ ही आज्ञा त्यातल्या चुका दाखवते.

‘नोफेल’मुळे मात्र एक नवी फट तयार होते: डिस्क नसतानाही संगणक सुरू होतो, /एमएनटी/नक्षीसाठा हे रिकामे फोल्डर तेथे असतेच, आणि स्क्रिप्ट मुकाट्याने संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर प्रत घेऊन मोकळी होते. ती बुजवण्यासाठी स्क्रिप्ट आता सुरुवातीलाच

फाइंडएमएनटी -एनओ यूयूआयडी /एमएनटी/नक्षीसाठा

असे विचारते, मिळालेले उत्तर स्वतःजवळच्या क्रमांकाशी ताडून पाहते, आणि फरक असेल किंवा उत्तरच आले नाही तर काहीही न करता थांबते. आळीपाळीने वापरायच्या तीन डिस्का असल्यामुळे तिच्याजवळ तीन क्रमांक आहेत आणि एफएसटॅबमध्येही तीन ओळी आहेत. तिन्ही डिस्कांना एकच लेबल देऊन एका ओळीत भागवता आले असते, पण मग कोणत्या डिस्कवर कोणत्या रात्रीची प्रत आहे हे नोंदींवरून कळले नसते.

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठी

हिशेबाच्या खोलीतले संगणक विंडोजवर आहेत, म्हणून तेवढ्यापुरते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘व्हॉल ई:’ असे लिहिले की ई ड्राइव्हचे लेबल आणि ८ अंकी क्रमांक मिळतो, आणि ‘लेबल ई: नवेनाव’ याने लेबल बदलते. एनटीएफएस ड्राइव्हसाठी लिनक्स १६ अंक दाखवते आणि विंडोज ८ दाखवते, यावरून ही डिस्क निराळी आहे असे समजू नये. विंडोजचे ८ अंक हे त्या १६ पैकी शेवटचे ८ असतात. कारखान्याचा अनुक्रमांक पॉवरशेलमध्ये ‘गेट-डिस्क’ या आज्ञेच्या उत्तरात दिसतो. नक्कल केलेली डिस्क जोडल्यावर विंडोज तिला सही जुळत असल्याचे कारण देऊन ऑफलाइन ठेवते; डिस्कपार्ट उघडून ‘लिस्ट डिस्क’, मग ‘सिलेक्ट डिस्क १’, मग ‘युनिकआयडी डिस्क’ असे क्रमाने लिहिले की सही वाचता येते, आणि शेवटच्या आज्ञेपुढे ‘आयडी=’ लिहून नवी देता येते. ‘लिस्ट’ आणि ‘सिलेक्ट’ यांच्यामध्ये थांबून प्रत्येक डिस्कचा आकार वाचावा, कारण डिस्कपार्टमधला ‘डिस्क १’ हाही आसन क्रमांकच आहे.

दिवाणजींच्या वहीत आता प्रत्येक डिस्कसाठी एक पान आहे. त्यावर खरा अनुक्रमांक, लेबल, यूयूआयडीची पहिली ८ अक्षरे, खरेदीची तारीख आणि ती कोणाच्या ताब्यात आहे एवढेच लिहिलेले असते. पेनड्राइव्हांची पाने वेगळी आहेत. त्यांवर मागाचा क्रमांक आणि फॅटचा तो आखूड क्रमांक. गेल्या महिन्यात शेडमधून ‘माग०७’ या नावाचे दोन पेनड्राइव्ह परत आले, तेव्हा दिवाणजींनी वही उघडून त्यांतला एक आमचा नाही असे मला विचारण्याआधीच सांगितले.